सत्काराआधी जे द्यायचे असते

गुरुवार ३० ऑक्टोबर ते शुक्रवार ७ नोव्हेंबर २०२५ या दिवसांत आमच्या निपाणी भागात बोलायला विषयांची वानवा नव्हती. गुरुवारी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरवून विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली आणि त्याच सुमारास आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादकांनी ठाण मांडले. शनिवारी १ नोव्हेंबर उजाडला. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकाच तारखेला येतात. रविवारी कार्तिकी एकादशी होती आणि त्या रात्री विश्वचषक आपल्याकडे आला. मंगळवारी महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि कागल-गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांचे फोन वाढले. शुक्रवारी बेंगळुरूत उसाचा दर ठरला. सकाळी दूध घालायला गेलेली माणसे या सगळ्यांवर एका दमात बोलत होती, आणि त्यांच्या बोलण्यात खेळ कुठे संपतो व राजकारण कुठे सुरू होते, हे सांगता येत नव्हते.

मला ते योग्यच वाटते, कारण या साऱ्या घडामोडींत मला एकच सूत्र दिसते. ज्याचे जे देणे आहे ते आपल्याकडे वेळेवर दिले जात नाही. माणसाने ते भांडून, रस्त्यावर झोपून किंवा जिंकून मिळवले की मग मात्र सत्काराला सगळे धावत येतात. शाळेत शिकवताना, घरच्या उसाचा हिशेब पाहताना आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढताना हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे, पण या आठवड्यात ते इतके लख्ख समोर आले की लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी क्रिकेटविषयी लिहिते, कारण मन अजून तिथेच आहे. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या, तेव्हा आमच्या घरात दादाने सामना संपल्याचे जाहीर करून टाकले होते. त्यानंतर जेमिमा रॉड्रिग्ज खेळली ती नाबाद १२७ धावांची खेळी आणि तिला हरमनप्रीत कौरने ८९ धावांची दिलेली साथ, यांमुळे नऊ चेंडू राखून तो सामना भारताने जिंकला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या मोठ्या धावसंख्येचा पाठलाग त्याआधी कोणत्याही संघाने यशस्वी केला नव्हता. याच जेमिमाला साखळीतल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळण्यात आले होते. शतक झाल्यावर तिने बॅट उंचावली नाही, कारण काम अजून बाकी होते, आणि सामन्यानंतर ती आपल्या मनाच्या अस्वस्थतेविषयी, रोजच्या रडण्याविषयी सगळ्या जगासमोर मोकळेपणाने बोलली. मला तिच्या फलंदाजीइतकेच ते बोलणे मोठे वाटते. आमच्या वर्गातल्या मुली परीक्षेच्या दिवसांत पोट दुखते म्हणून घरी राहतात, आणि त्या पोटदुखीचे खरे कारण त्यांच्या आयांनाही सांगू शकत नाहीत. त्यांच्यापैकी कोणी ते बोलणे ऐकले असेल तर एवढ्यानेही या विश्वचषकाचे काम झाले.

अंतिम सामना पावसामुळे उशिरा, संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू झाला. एकादशीचा उपवास होता, म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी टीव्हीसमोरच वाढली गेली. आई एरवी अशा दिवशी लवकर निजते, पण त्या रात्री ती हलली नाही. शेफाली वर्मा मूळ संघात नव्हती, प्रतिका रावल जायबंदी झाल्यामुळे तिला ऐन वेळी बोलावले होते. तिने ८७ धावा केल्या आणि शिवाय दोन बळी घेतले. दीप्ती शर्माने ५८ धावा करून ३९ धावांत पाच बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतक करून एका बाजूने उभी होती, आणि अमनजोत कौरच्या हातातून दोनदा निसटलेला तिचा झेल तिसऱ्यांदा पकडला गेला, तेव्हा आमच्या गल्लीत घराघरांतून एकाच वेळी ओरडा झाला. भारताच्या २९८ धावांसमोर त्यांचा डाव २४६ वर संपला. तोवर मध्यरात्र झाली होती. ज्या बायका सामना म्हणजे पुरुषांनी जागायचा विषय असे धरून चालत आल्या होत्या, त्या दारात उभ्या राहून एकमेकींना हाका मारून सांगत होत्या. असे मी आमच्या गावात पूर्वी पाहिले नव्हते.

स्मृती मानधना सांगलीची, म्हणजे आमच्यापासून तास-दोन तासांच्या वाटेवरची. त्यामुळे इकडच्या लोकांना तिच्याविषयी घरच्यासारखा अभिमान आहे आणि तो मलाही आहे. पण अभिमान बाळगताना आपण मागचा हिशेब विसरू नये असे मला कळकळीने वाटते. महिला क्रिकेटची देशातली पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली. भारतीय मुली पहिला विश्वचषक १९७८ साली खेळल्या. पुरुष क्रिकेटच्या मंडळाने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते २००६ साली, म्हणजे तोवर तीन दशकांहून अधिक काळ या मुली फार थोड्या पैशांत, मिळेल त्या गाडीने आणि मिळेल त्या निवाऱ्यात राहून खेळल्या. २००५ मध्ये अंतिम फेरीत हार झाली, २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अवघ्या नऊ धावांनी हार झाली. सामन्याचे मानधन पुरुषांइतके करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला आणि महिला प्रीमियर लीग मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. बरोबरीचे मानधन, वर्षभराचा सराव, फिजिओ, भरलेल्या मैदानासमोर खेळण्याची सवय हे सगळे मिळाल्यावर तीन वर्षांच्या आत या मुलींनी जग जिंकून दाखवले. मग प्रश्न असा पडतो की हे १९७८ नंतर लगेच दिले असते, तर आधीच्या पिढ्यांतल्या शांता रंगास्वामी, डायना एडलजी, मिताली राज, झुलन गोस्वामी यांच्या हाती काय काय आले असते? विजयानंतर संघाने मिताली आणि झुलन यांच्या हाती चषक दिला, ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या पाण्यात आनंदाइतकीच ही चुटपुटही होती.

प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्याविषयी दोन वाक्ये लिहिलीच पाहिजेत. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला होता. पुढे मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा, प्रथमश्रेणी कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा, आणि तरीही भारताची टोपी कधीच मिळाली नाही. ज्याच्या वाट्याचे त्याला वेळेवर मिळाले नाही, त्या माणसाने ते कडवटपणे उगाळत न बसता दुसऱ्यांच्या मुलींना मिळवून दिले. मराठी माणसाने या आठवड्यात कोणाचे नाव आदराने घ्यावे असे मला विचारले, तर मी खेळाडूंच्या खालोखाल त्यांचेच घेईन.

हा अंतिम सामना नवी मुंबईत का झाला, हेही आम्हा कर्नाटकात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे. स्पर्धेचे महत्त्वाचे सामने बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर व्हायचे होते. ३ जून रोजी बेंगळुरूच्या संघाने अठरा वर्षांनी आयपीएल जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी घाईघाईने ठरवलेल्या सत्कार समारंभाच्या वेळी मैदानाबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचे प्राण गेले. विधानसौधाच्या पायऱ्यांवर खेळाडूंसोबत छायाचित्रे काढली जात होती आणि काही अंतरावर कोवळी पोरे गुदमरत होती. पुढे मैदानाची सुरक्षितता सिद्ध होईना म्हणून विश्वचषकाचे सामने तिथून हलवले गेले. सत्काराला उतावीळ झालेल्या आणि बंदोबस्ताला, दरवाजांना, रुग्णवाहिकेला वेळ न देणाऱ्या कारभाराचे याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही. कोणत्याही पक्षाचे सरकार असते तरी याहून वेगळे वागले असते असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच काळजी वाटते.

पुरुषांच्या क्रिकेटविषयी थोडक्यात सांगते. सप्टेंबरात आशिया चषक जिंकूनही आपल्या संघाने तो पाकिस्तानचे मंत्री असलेल्या मंडळ-अध्यक्षांच्या हातून घेतला नाही. खेळायचेच नसेल तर खेळू नये, ती भूमिका मी समजू शकते; पण एकदा मैदानात उतरल्यावर समोरच्या खेळाडूचा हातही हाती घ्यायचा नाही, हे मला पटले नाही. खेळाच्या संस्था राजकारण्यांच्या हाती असल्या की खेळाडूंना त्यांच्या वतीने भांडावे लागते, आणि त्यांचे स्वतःचे भांडण मात्र एकट्याने लढावे लागते. २०२३ साली आपल्या महिला कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या होत्या आणि २८ मे रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, त्यांना पोलिसांनी फरफटत नेले, ते दृश्य मी विसरलेले नाही. त्यांनी देशाला पदके आधीच दिली होती. त्यांना हवी होती ती सुनावणी.

सुनावणीचा विषय निघाला की आम्ही सीमाभागातली माणसे आपोआप १ नोव्हेंबरकडे वळतो. १९५६ सालच्या या तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठी बोलणारा हा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला. त्याने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले, तर निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि महाराष्ट्रातली २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सांगितले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, त्याची अंमलबजावणी झालीच नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्या दाव्याला आता एकवीस वर्षे झाली. माझ्या वडिलांच्या पिढीने सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. त्यांच्यापैकी बहुतेक जण निकाल न ऐकताच गेले. म्हणून काळा दिन हा माझ्यासाठी कोणाच्या भाषेविरुद्धचा दिवस नाही. उत्तर न मिळालेल्या माणसांनी आम्ही अजून विचारतो आहोत असे सांगण्याचा तो दिवस आहे, आणि मी तो पाळते.

यंदाही बेळगावात काळे कपडे घालून निषेध फेरी निघाली, आणि त्याच शहरात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूकही निघाली. कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना अडवायला दरवर्षी पोलीस उभे राहतात. मला या दिवसाबद्दल जी तक्रार करायची आहे ती पोलिसांपेक्षा दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांविषयी आहे. या तारखेला दोन्हीकडून भाषणे होतात, आणि २ नोव्हेंबरला आमच्या हाती काय राहते ते कोणी विचारत नाही. राज्यघटनेच्या ३५०क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितले आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे तत्त्व देशाने केव्हाच मान्य केलेले आहे. सीमेची रेघ कुठे पडावी याचा निवाडा होईल तेव्हा होईल. हे देणे मात्र त्या निवाड्यासाठी थांबायला नको होते.

आमच्या शेजारच्या आत्त्या गेल्या वर्षी एक कागद घेऊन आल्या. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई, नवऱ्यामागे दोन एकर जमीन सांभाळणारी, मराठी चौथी शिकलेली. कागद एका कचेरीतून आला होता आणि संपूर्ण कन्नडमध्ये होता. त्यांनी तो देवघरात हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवला होता, कारण सरकारी शिक्का पाहून तो महत्त्वाचा आहे एवढे त्यांना कळले होते. मी तो नववीतल्या एका मुलीकडून वाचून घेतला. वारसा नोंदीबाबत कोणाची हरकत असल्यास मांडायला या, अशी ती नोटीस होती आणि तिच्यातली तारीख उलटून गेली होती. आत्त्यांनी एवढेच विचारले, “मग आता माझं रान जाणार का गं बाई?” पुढे कागदपत्रांची धावपळ करून ते प्रकरण मार्गी लागले, पण त्या विचारण्यातली भीती माझ्या मनातून जात नाही. त्याच नोटिशीच्या पाठीवर मराठीत चार ओळी असत्या, तर कर्नाटकाचे काय कमी झाले असते? कन्नड मला येते, माझ्या विद्यार्थ्यांनी ती उत्तम शिकावी असा माझा आग्रह असतो, आणि तरीही सत्तरीच्या बाईला तिच्या रानाची खबर तिच्या भाषेत मिळावी यावर मी तितकीच ठाम आहे.

महाराष्ट्राच्या बाजूनेही मला निखालस समाधान नाही. आमच्यासाठी समन्वय मंत्री नेमले जातात. डिसेंबर २०२२ मध्ये ते बेळगावला येणार होते, वातावरण तापले, दौरा रद्द झाला आणि ट्रकवर दगडही पडले. पुढे आमच्या, म्हणजे महाराष्ट्राने दावा केलेल्या, ८६५ गावांना आरोग्य योजना लागू झाल्याची घोषणा झाली, आणि त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. पण त्याच सुमारास जत तालुक्यातल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती, हे आपण का विसरतो? म्हैसाळ सिंचन योजनेचे पाणी त्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाले नाही म्हणून ती वेळ आली. जी गावे हाती आहेत त्यांचे देणे थकवायचे आणि जी हाती नाहीत त्यांच्यासाठी गळा काढायचा, याने आमचा दावा बळकट होत नाही. नगरपरिषदांच्या प्रचारात आता पुन्हा सीमाप्रश्न ऐकू येईल. माझ्या गडहिंग्लजच्या मामेभावाला मी फोनवर तेच सांगितले, की मत मागायला येणाऱ्याला आधी पाण्याचे आणि गटारींचे विचार.

आणि मग ऊस. या आठवड्यात मला सर्वांत जास्त शिकवले ते गुर्लापूरच्या शेतकऱ्यांनी. १ नोव्हेंबरला एकीकडे झेंडे फिरत असताना ही माणसे तिसऱ्या दिवशीही रस्त्यावरच झोपली होती. त्यांची मागणी सरळ होती : उसाला टनाला ३,५०० रुपये. आंदोलक बहुतेक कन्नड भाषक, त्यांच्या घोषणा कन्नडमध्ये, पण त्यांच्या मागणीत आमच्या निपाणी, चिकोडी, कागवाडच्या मराठी शेतकऱ्याचा ऊस तितकाच होता. काट्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीत कोणाची मातृभाषा कोणती, हे कोणी विचारत नाही. उतारा, म्हणजे उसातून किती साखर निघते ते, आणि वजन विचारतात.

बाहेरच्या वाचकांसाठी हा हिशेब थोडा उलगडून सांगते. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली होती. ऐकायला ते टनाला ३,५५० रुपये वाटतात, पण तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातूनच कापला जातो आणि शेतकऱ्याच्या खात्यावर त्याहून बरीच कमी रक्कम येते. उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो, वजन कारखान्याच्या काट्यावर ठरते, तोडणीची पाळी कारखान्याच्या शेती खात्यात ठरते. ज्याने आडसाली लागण करून दीड वर्ष ऊस सांभाळला, त्याच्या हाती यातले काहीच नसते. एका हंगामात दादाने ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेली आणि मग कारखान्यावर, तेव्हा दोन पावत्यांत जो फरक निघाला, तो विचारायला गेल्यावर त्याला पुढच्या खेपेला पाळी उशिरा मिळाली. तेव्हापासून तो दोन्ही पावत्या एका डबीत जपून ठेवतो आणि विचारायला जात नाही. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज मिळायला हवे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात हे लिहिलेले आहे. व्याज मिळालेला शेतकरी आमच्या गावात मला अजून भेटलेला नाही.

कारखान्यांचेही एक म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून २०२५ च्या या आंदोलनापर्यंत किलोला ३१ रुपयांवरच होता, आणि एफआरपी मात्र वाढत गेली. पण ते दिल्लीत जाऊन मांडण्याची ताकद कोणाकडे आहे? आमच्या जिल्ह्यातले कारखाने ज्या घराण्यांकडे आहेत, ती सत्तेतही आहेत आणि विरोधातही. म्हणून भाजपचे प्रदेशाध्यक्ष आंदोलनस्थळी मुक्काम करतात, काँग्रेसचे मुख्यमंत्री पंतप्रधानांना पत्र लिहितात, आणि शेतकऱ्याला खात्री वाटते ती दोघांपैकी कोणाचीच नाही. शुक्रवारी कारखानदारांना बोलावून सिद्धरामय्यांनी टनाला ३,३०० रुपये ठरवले, त्यात ५० रुपये सरकार देणार. त्याच दिवशी महामार्गावर हत्तरगी टोलनाक्याजवळ दगडफेक झाली. दगडफेकीचे समर्थन मी करणार नाही, पोलीसही आमच्याच घरांतली मुले आहेत. तरी हा निर्णय हंगाम सुरू होण्याआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, टेबलावर बसून का घेता आला नाही, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे. आंदोलकांनी मुलाबाळांसह जे दिवस रस्त्यावर काढले, ते कोणत्या दरात मोजायचे?

आम्हा निपाणीकरांना हे दुसऱ्यांदा घडताना दिसते आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलात याच पुणे-बेंगळुरू महामार्गावर शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी ठिय्या दिला होता, तेव्हाही मागणी रास्त भावाचीच होती. शेवटी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. वडील त्या आंदोलनात भाकऱ्या पोचवायला जात असत. मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतल्या भाकऱ्या एकाच पाटीत असायच्या, हे ते फार समाधानाने सांगत. सीमाप्रश्नावर तोंड फिरवून बसलेली माणसे तंबाखूच्या भावासाठी मांडीला मांडी लावून बसली होती. यंदा पैशांचा तोच प्रश्न दुसऱ्या पिकाने विचारला, एवढाच फरक.

सोमवारी शाळा भरली तेव्हा आठवी-नववीच्या मुली माझ्या आधी मैदानावर होत्या. त्यांना खेळपट्टी आखायची होती. बावीस यार्ड म्हणजे ६६ फूट हे गणिताच्या सरांनी सांगितले, आणि मोजायला लांब टेप नसल्यामुळे त्यांनी शिवणकामाची टेप पुन्हा पुन्हा पुढे सरकवत, चुन्याच्या फक्कीने खुणा करत ते अंतर मोजले. एका टोकाला पावसाचे पाणी साचलेले होते. क्रीडा साहित्याच्या पेटीत जे पॅड होते ते मोठ्या माणसांच्या मापाचे, त्यामुळे पहिल्या फलंदाज मुलीच्या पायाला ते मांडीपर्यंत आले आणि तिला धावताच येईना. त्यांनी ते काढून ठेवले आणि टेनिसच्या चेंडूने खेळल्या. क्रीडाशिक्षकाची जागा कैक दिवस रिकामी आहे. बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या तालुक्यातही तिचे फलक लागले होते. त्या फलकांना जेवढा खर्च झाला असेल, तेवढ्यात एखाद्या शाळेला मुलींच्या मापाचे साहित्य आले असते, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आज अधिक वाटते.

दीप्ती शर्मा स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, २१५ धावा आणि २२ बळी, आणि त्याच आठवड्यात तिच्या लीगमधल्या संघाने तिला कायम ठेवलेल्यांच्या यादीत घेतले नाही. लिलावात तिला चांगली किंमत येईल यात शंका नाही. बाजाराचे नियम वेगळे असतात. पण आमच्या मैदानावरच्या मुलींना बाजार विकत घ्यायला येणार नाही. त्यांचे जे आहे ते गावाने, पंचायतीने आणि सरकारनेच द्यायचे आहे, आणि त्या कुठे काही जिंकतील याची वाट न पाहता द्यायचे आहे.

म्हणून या शनिवारी आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज दिला. एक प्रत कन्नडमध्ये, एक मराठीत, दोन्हींवर मुलींच्या सह्या. मैदानाच्या त्या टोकाला मुरूम टाकून रोलर फिरवावा, मॅटिंगची एक पट्टी आणि मुलींच्या मापाचे साहित्य द्यावे, क्रीडाशिक्षकाच्या जागेसाठी पंचायतीने ठराव करून शिक्षण खात्याला पाठवावा, असे त्यात लिहिले आहे. मसुदा मी केला होता, पण मुलींनी वाचून त्यात एक बदल सुचवला आणि तो मी तसाच ठेवला : मैदानालगत मुलींसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह बांधावे, ही मागणी त्यांनी सर्वांत वर, पहिल्या क्रमांकावर लिहायला लावली.